जिप्सीत सीटा आठ, माणसं दोन

ऑफिसमध्ये मला हल्ली दोनच प्रश्न विचारतात. एक, बिल्ड कधी देतोयस? आणि दोन, जिप्सीला आता पुढचं काय करणार? पहिल्याचं उत्तर मी गेली सहा वर्षं 'संध्याकाळपर्यंत' असं देत आलोय. दुसऱ्याचं उत्तर मात्र अलीकडे बदललंय. ते ऐकून लोकांचा चेहरा पडतो. "काही नाही. आता फक्त चालवणार."

चेहरा पडणं साहजिक आहे म्हणा. आमच्या टीममधल्या दोघांना जुनी जीप घ्यायचीय. एक मारुती जिप्सी बघतोय, दुसरा महिंद्राच्या एम.एम. ५४० च्या मागे आहे. दोघांचीही लग्नं झालीयत, एकाच्या घरी सहा महिन्यांचं बाळ आहे. दोघांच्या डोक्यात चित्र तेच, जे माझ्या होतं. जाडजूड टायर, पुढे दणकट बंपर, वर दिव्यांची पट्टी, हूड उघडं, मागे बायको-पोरं हसतायत आणि आपण गॉगल लावून ताम्हिणीत! तर मंडळी, आजचा हा लेख त्या चित्राच्या विरोधात आहे. सगळ्या चित्राच्या नाही, त्यातल्या मागच्या सीटवरच्या भागाच्या.

आधी गाडीची ओळख. जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली, तेव्हा ९७० सीसीचं छोटं इंजिन होतं. १९९६ मध्ये 'किंग' आली १२९८ सीसीची, पुढे तिला एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८० हॉर्सपॉवरवर गेली. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती २०१९ पर्यंत मिळत होती. लष्करात ती वर्षानुवर्षं वापरली गेली, ताडोबाला गेला असाल तर तिच्याच उघड्या पाठीवर उभं राहून वाघ शोधला असेल. खाली शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि चारी बाजूंना पाटे. म्हणजे सगळं साधं, उघडं, हाताला लागणारं. ज्या माणसाचा दिवस कुठल्याशा सर्व्हरवरच्या न दिसणाऱ्या चुका शोधण्यात जातो, त्याला नटबोल्ट दिसणारी गाडी का आवडावी हे वेगळं सांगायला नको. पाना लावला, पिळला, बसला. रिव्ह्यू नाही, मीटिंग नाही. असो.

माझी २००२ ची. मी घेतली २०२२ मध्ये, आमची लेक जन्मायच्या आधी काही महिने. बायको तेव्हा म्हणाली होती, "अरे, पाळणा घ्यायचाय आपल्याला." मी म्हटलं, तोही घेऊ. (घेतला. पण आधी टायर घेतले.)

आता माझा गुन्हा कबूल करतो. पहिल्या दीड वर्षात मी त्या गाडीवर कशा क्रमाने पैसे घातले ते ऐका. आधी २३५/७५ आर १५ मापाचे टायर. मग दिवे. मग स्टिरिओ. मग पाट्यांत एकेक जादा पान टाकून गाडी जरा उंच केली. मग नवं हूड. पुढे लोखंडी गार्डही बसवणार होतो, पण २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने असे गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलंय हे कळलं म्हणून थांबलो. थांबलो ते दंडाच्या भीतीने, अक्कल आली म्हणून नव्हे. या सगळ्यात ब्रेक कुठेच नव्हते. ब्रेक 'लागत' होते ना! आपल्या धंद्यात आपण म्हणतो तसंच, चालतंय ना, मग हात लावू नकोस.

मग सिंहगड झाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली, रविवार. बायको पुढे माझ्या शेजारी, मागच्या आडव्या बाकावर आई, आणि आईच्या मांडीवर लेक, दीड वर्षांची. वर जाऊन पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, येताना सगळे सुस्तावलेले. उतारावर पुढे गाड्यांची रांग. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्याच्या थोडं खाली आलो आणि पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ फरशीला टेकलं. गाडी थांबेना. म्हणजे थांबत होती, पण तिच्या मर्जीने.

काय केलं ते नीट आठवत नाही. पहिला गिअर घातला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून उभा राहिलो. पुढच्या गाडीत आणि आमच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. गाडीला ओरखडा नाही. फक्त थांबताना जो हिसका बसला त्यात लेकीचं कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. टेंगूळ आलं. रडली, दहा मिनिटांत गप्प झाली. तासभर गाडी निववली, मग पहिल्या गिअरमध्ये रांगत डोणज्याला आलो.

आई वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर लेकीच्या कपाळाला हळद लावताना एवढंच म्हणाली, "मी घट्ट धरलं होतं रे तिला. तरी सुटली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या रात्री मी इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला शोभेल असं एकच काम केलं. कागद घेऊन हिशोब केला.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. समजा गाडी कशाला तरी धडकून एक दशांश सेकंदात थांबली. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदापट झटका. लेकीचं वजन तेव्हा १० किलो. आईच्या हातांना त्या क्षणी तोलावं लागलं असतं १४० किलो. माझी आई गव्हाचं दहा किलोचं पीठ दळून आणायलाही मला पाठवते. तिने घट्ट धरलं होतं यात शंकाच नाही. पण कुठल्याच आईचे, आजीचे, पैलवानाचेही हात त्या कामाला पुरे पडत नाहीत. आणि आमचा वेग तर ५० च्या जवळपासही नव्हता. टेंगळावर निभावलं ते म्हणून.

दोष गाडीचा नव्हता, हे आधीच सांगतो. दोष माझा होता आणि तो टप्प्याटप्प्याने सांगता येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. उतारावर सतत ब्रेक दाबला की डिस्क तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ. माझ्या गाडीतलं ऑइल मी घेतल्यापासून बदललं नव्हतं, आधीच्या मालकाने कधी बदललं होतं ते देवाला ठाऊक. बाहेर काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं काळं होतं.

आणि टायर! माझ्या गाडीवर आधी होते ते २०५/७० आर १५, व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. मी चढवले ते सुमारे ७३३. म्हणजे जवळपास १० टक्के मोठे. कॉलेजात आपण सगळे टॉर्क म्हणजे बल गुणिले त्रिज्या हे घोकून आलोय. ब्रेक तेवढेच, त्रिज्या १० टक्के जास्त, म्हणजे रस्त्यावर मिळणारी थांबवायची ताकद तेवढ्याच पेडलला ९ टक्के कमी. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. आणि उतारावर गिअरमध्ये टाकून इंजिन गाडीला जे मागे ओढून धरतं, तेही तेवढंच कमी, म्हणून पाय ब्रेकवर जास्त. वर पाट्यात जादा पान टाकून गुरुत्वमध्य उचलून ठेवलेला. म्हणजे मी गाडी 'दणकट' करत होतो तेव्हा प्रत्यक्षात ती थांबायला आणि वळायला वाईट करत होतो, आणि त्यासाठी बोनस मोजत होतो!

पुढच्या शनिवारी गाडी मेस्त्रींकडे नेली. हे मामा साठीचे, गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरना लाथ मारली आणि विचारलं, "साहेब, गाडी दाखवायची हाय का चालवायची?" मी म्हटलं, चालवायची. "मग आधी मागचं मॅटिंग उचला."

उचललं. मागच्या बाकाखाली पत्रा नव्हताच, गंजाचा पापड होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो आरपार. आधी कोणीतरी लांबी भरून, वर रंग मारून, त्यावर मॅट चिकटवून ठेवलेली. हूडातून गळणारं पाणी त्या मॅटखाली वर्षानुवर्षं साठत होतं. मी त्यावर साडेतीनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला होता.

मामांनी क्रम लावून दिला. थांबणं, मग वळणं, मग गंज, मग दिसणं. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी पाइप, पुढचे पॅड, मागचे लायनर, डॉट ४ ऑइल. सगळ्याचा खर्च मिळून मी घेतलेल्या दोन टायरांइतका झाला. दोन टायर, मंडळी! पुढचे पट्टे बदलले, कारण जुने ताठ होऊन नीट गुंडाळले जात नव्हते. जादा पानं काढली. मोठे टायर विकून मूळ मापाचे घातले. पत्र्याचं काम दोन महिने चाललं, त्यातलं घासणं-खरवडणं मी केलं, वेल्डिंग मामांनी.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, आधी ब्रेक मग फॅशन, हे आम्हालाही कळतं. पण खरा प्रश्न पुढेच आहे. ब्रेक उत्तम झाले तरी मागच्या बाकाचं काय?

माझ्या गाडीच्या आरसीवर आसनक्षमता आठ आहे. पुढे दोन, मागे समोरासमोर दोन आडवे बाक. त्या आडव्या बाकांना पट्टा नाही. लहान मुलाची सीट त्यावर बसूच शकत नाही, कारण ती पुढे किंवा मागे तोंड केलेल्या सीटसाठी बनवलेली असते, आडव्यासाठी नाही. कायद्याचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर चालकाला हजार रुपये दंड. हजार रुपये जाऊ देत, १४० किलोंचं काय करायचं?

हे मी ऑफिसात बोललो की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "अरे आपण सगळे लहानपणी असेच गेलो की! गावाला जीपमध्ये चौदा माणसं, वर टपावर तीन. काही झालं का?" नाही झालं. ज्यांना झालं ते आज आपल्या कँटीनमध्ये बसून हा मुद्दा मांडायला नाहीत, एवढाच फरक. दहा युजरना बग दिसला नाही म्हणून बग नाही, असं आपला टेस्टर म्हणाला तर आपण त्याला सोडू का?

दुसरं उत्तर जास्त हुशार. "मागे पुढे तोंड करणारी सीट बसवून घे, पट्ट्यासकट. अमक्याकडे आठवड्यात करून मिळते." मीही चौकशी केली. मला जिथे दाखवली तिथे सीट आणि पट्टा दोन्ही मागच्या पत्र्याला चार बोल्टने आवळलेले होते. खाली जाड पट्टी नाही, चासीला आधार नाही. साठ किलोच्या माणसाचा चौदापट झटका म्हणजे ८४० किलो. ते त्या पत्र्याने पेलायचे, ज्याचा पापड झालेला मी स्वतः खरवडलाय! बसला की सुरक्षित वाटायला लावणारा पण वेळेला उपटून येणारा पट्टा, यापेक्षा पट्टा नाही हे माहीत असलेलं बरं. शिवाय आरसीवरची आसनक्षमता बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही हे कलम ५२ सांगतं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत तेच पुन्हा ठणकावून सांगितलं. विनापरवाना बदल करून अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

तिसरं उत्तर बायकोचं होतं. "विकून टाक." रागाने नाही, शांतपणे म्हणाली. म्हणून ते जास्त लागलं.

विकणार होतो. दोन लोक बघूनही गेले. पण दुसरा माणूस आला तो बायको आणि दोन मुलांना घेऊन. मुलं गाडी थांबायच्या आधी मागच्या बाकावर चढून बसली, उड्या मारायला लागली. त्या माणसाने विचारलं, "फॅमिलीसाठी बरी आहे ना?" मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, नाही. तो थोडा चमकला आणि गेला. त्या रात्री बायको म्हणाली, "मग आपल्यासाठी कशी बरी होती?"

उत्तर तिच्याच प्रश्नात होतं. फॅमिलीसाठी बरी नाही. दोघांसाठी बरी आहे. पुढच्या दोन सीटा पुढे तोंड केलेल्या आहेत, त्यांना नवे तीन-बिंदूंचे पट्टे आहेत. एरवी मुलाने मागच्या सीटवर बसावं हेच योग्य, आणि आमच्या रोजच्या हॅचबॅकमध्ये ती मागेच बसते. पण या गाडीत मागे जागाच नाही म्हटल्यावर, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून त्यावर लेकीची चाइल्ड सीट पट्ट्याने घट्ट बांधता येते. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे मुलाच्या तोंडावर ती फुटायचीही भीती नाही. तरीही नव्या गाडीइतकी ती सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून हायवेला ती न्यायचीच नाही.

तर आम्ही ठरवलं. मागचे बाक मिटवून ठेवायचे, तिथे फक्त सामान. माणसं दोन, कधीच तिसरं नाही. आणि गाडी आळीपाळीने. एका रविवारी मी आणि लेक. एका रविवारी बायको आणि लेक. कधी मी आणि आई. सगळे मिळून जायचं असेल तर हॅचबॅक, किंवा दोन्ही गाड्या मागेपुढे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी जीप हौसेने दुरुस्त करायची असेल तर जरूर करा, पण तिला 'फॅमिली कार' बनवायच्या भानगडीत पडू नका. ती दोघांची गाडी आहे हे एकदा कबूल केलं की निम्मे खर्च आपोआप गळतात. मोठं हूड नको, मागचा एसी नको, आठ जणांना पेलणारे जाड पाटे नकोत, घरच्यांना पटवायला दिवे आणि स्टिरिओ तर नकोच नको. आणि मुख्य म्हणजे 'मी हे तुमच्यासाठीच करतोय' असं खोटं बोलावं लागत नाही. मी ते वर्षभर बोललो. बायकोने एकदा हिशोब मांडला होता, त्या वर्षातल्या सत्तावीस रविवारी मी घरी नव्हतो. 'आपल्या' गाडीसाठी!

आता वेळेचाही नियम केलाय. शनिवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, लेक उठून दूध पिऊन खाली येईपर्यंत. नंतर पाना जागेवर. एका शनिवारी एकच काम, आणि जे साडेनऊपर्यंत संपणार नाही ते उघडायचंच नाही. जॅकवर चढवलेली गाडी आणि घोडीवर ठेवलेलं चाक सोमवारपर्यंत तसंच राहिलं की घरात काय वातावरण असतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. या नियमाने गाडीची प्रगती मंदावली. घराची सुधारली.

पैशाचंही आधीच समजून घ्या. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० केली. वर फिटनेस, पर्यावरण कर, २०१९ आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट. हे सगळं दिव्यांच्या पट्टीच्या आधी बाजूला काढून ठेवा.

लेक आता साडेतीन वर्षांची आहे. दर शनिवारी खाली येते, घोडीला 'घोडा' म्हणते, आणि दहाचा पाना मागितला की बाराचा देते. तिला सिंहगड आठवत नाही. आईला आठवतो. आई अजूनही जिप्सीत बसायला तयार नाही आणि मी आग्रह करत नाही. गेल्या महिन्यात फक्त खाली येऊन पुढचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला, दोनदा, जोरात. काही बोलली नाही. पण मला वाटतं माझी पाळी येईल.

उद्या बायको आणि लेकीचा रविवार आहे. दोघी पानशेतच्या बाजूला जाणार आहेत. मी घरी. कपडे वाळत घालायचेत आणि कुकर लावायचाय. ब्रेक ऑइलची पातळी आज सकाळी बघून ठेवलीय.